पेटिफर चाल

ऑर्लकोट, नॉर्थँप्टनशर
१७ जानेवारी १९५४

प्रिय रूबेन,

ख्रिसमसचं कार्ड पोचलं. मेंढ्यांचं चित्र छान आहे. आत तू लिहिलंयस, "सर्व ठीक. आर. कूपर." पूर्वी "इकडे सर्व ठीक" असायचं. न्यूझीलंडात शाई महाग झाली असावी.

सख्ख्या बहिणीला आडनावासकट सही करून पाठवणारा माणूस जगात तू एकटाच असशील, आणि ते आडनावही आईच्या माहेरचं. असो. भांडायला पत्र लिहिलेलं नाही.

ईनॉक गेला. आपला चुलतभाऊ म्हणून तुला आठवत असेल तो सदा नाक ओढणारा पोरगा. शेवटपर्यंत नाक ओढतच होता बिचारा. छातीत कफ झाला आणि आठवड्यात आटोपलं. दफनाला सगळं गाव होतं. बाबा गेल्यापासून शिवेच्या फेरीची काठी ईनॉकच धरत होता, हे मी तुला त्या वेळी कळवलं होतं. त्याला मुलगा नाही. दोन्ही मुली लग्न करून गेल्या, एक मिसेस टेलर झाली, दुसरी मिसेस मार्लो. म्हणजे या गावात पेटिफर नावाचं माणूस आता एकच उरलं, आणि ते हे पत्र लिहितंय.

मुद्द्यावर येते. मे महिन्यात गावाची शीव चालून बघायची फेरी आहे. वाळुंजाची सोललेली काठी घेऊन पुढे पेटिफर आणि मागे गाव, हे किती पिढ्या चाललंय कुणाला ठाऊक नाही. आता पेटिफर पुरुष नाही म्हटल्यावर काठी मेजर ब्रॅकनबरींना द्यावी असं चाललंय. त्यांनी थोरला बंगला घेतलाय दोन वर्षांपूर्वी. माणूस वाईट नाही, पण शिटी वाजवून कुत्र्याला बोलावतो तशी मोलकरणीला बोलावतो.

तू ये, रूबेन. तुला जमत नसेल तर तुझ्या पोराला, ॲलनला पाठव. नाव परत लावायला काही लागत नाही. तू काढून टाकलंस तेव्हा तरी काय लागलं होतं? या देशात माणसानं म्हटलं, उद्यापासून मी अमुक, की झाला तो अमुक. परत यायलाही तेवढंच पुरतं.

मी हे सारखं सारखं सांगणार आहे, तेव्हा कंटाळायची तयारी ठेव.

तुझी बहीण,
थर्झा


२८ फेब्रुवारी १९५४

प्रिय रूबेन,

चक्क पत्र आलं तुझं. मी पाकीट फोडायच्या आधी डोरा टेबटला कुंपणावरून हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "जड लागतंय, आत माणूस आहे का?"

तू लिहितोस, ते नाव तू चर्चच्या फाटकात ठेवून गेलास, ज्याला हवं त्यानं उचलावं. लिहितोस की लंगड्याला लोखंडी पायाचं नाव शोभत नाही आणि हे तुझं नाही, बाबांचं म्हणणं होतं.

हो, होतं. मी तिथेच उभी होते. तू फ्लँडर्सच्या लढाईत डावा पाय घोट्याच्या वरून गमावून आलास आणि दोन वर्षं इस्पितळं झाल्यावर लाकडी पायानं घरात चालायला शिकलास. त्या मेमध्ये काठी तुझ्याकडे यायची होती, सगळ्या गावाला माहीत होतं. तू चांगला कोट घालून फाटकात उभा होतास. बाबा तुझ्या अंगावरून पुढे गेले, काठी स्वतःच उचलली आणि म्हणाले, "पेटिफर लंगडत नाही." हळू बोलले, पण ऐकू सगळ्यांना गेलं. मग पुढे होऊन त्यांनी पहिलं पाऊल टाकलं, फेरीच्या सुरुवातीला दरवर्षी टाकतात तसं पेटिफर चालीचं, डावा पाय ओढत, आणि सगळं गाव त्यांच्यामागे डावा पाय ओढत निघालं. तू एकटा फाटकात स्थिर उभा होतास. मला ते कधी विसरता आलेलं नाही आणि बाबांना त्याबद्दल मी माफ केलं की नाही हे मलाच नीट ठाऊक नाही.

पण नाव काही बाबांनी तयार केलं नव्हतं, रूबेन. ते त्यांच्याही आधी होतं.

मेजरसाहेबांनी लंडनहून आडनावांचं एक जाडं पुस्तक आणलंय आणि सध्या त्यांना गावभर नावं फोडून दाखवायचा छंद लागलाय. मागच्या रविवारी ते पाद्री टॅन्सलींना घेऊन माझ्याकडे चहाला आले. माझ्या नावावर त्यांची विशेष मर्जी. म्हणाले, "मिस पेटिफर, तुमचं नाव अस्सल फ्रेंच. नॉर्मन लोकांबरोबर आलं. लोखंडी पाय."

मी म्हटलं, "ते आमच्या बुटांच्या दुकानाच्या दारावर टांगलंय, मेजर. पन्नास वर्षं त्याच्याखालून ये-जा करतेय मी."

टॅन्सली बुजरे आहेत, पण विषय निघाला की खुलतात. ते म्हणाले की फ्रेंच बोलणारे सरदार इथे मालक होऊन बसले आणि त्यांचे कारभारी गावच्या माणसांना आपल्या भाषेत टोपणनावं द्यायचे. म्हणजे हे नाव आपल्या कुळानं फ्रान्सहून आणलं असेलच असं नाही. आपण इथलेच, चिखलातले असू, आणि कुणीतरी वरून हाक मारली असेल. मग त्यांनी अर्थ सांगितले. एक, न दमता चालणारा. दोन, पायात लोखंडी चिलखत घालणारा शिपाई. "आणि तिसरं एक आहे," म्हणाले आणि चहात साखर ढवळत बसले. मेजर म्हणाले, "तिसरं आपण सोडून देऊ." आणि सोडून दिलं.

बाबाही तिसरं सोडूनच द्यायचे. आठवतं का, आपल्या लहानपणचे म्हातारे पाद्री एकदा दुकानात बूट टाचवायला आले आणि तिसरा अर्थ सांगायला लागले, तर बाबांनी त्यांचा बूट अर्धवट टाचलेला तसाच त्यांच्या हातात दिला. ते एका पायात बूट घालून घरी गेले. आपण दोघं माळ्यावर हसून हसून लोळलो होतो. अर्थ काय होता ते आपण ऐकलंच नाही.

अक्षर वाकडं आलंय कारण पलंगावर बसून लिहितेय. थंडी फार आहे, दुसरं काही नाही. बुटांचे वरचे भाग शिवायला अजून येतात माझ्याकडे, पण या महिन्यात काम कमी घेतलंय.

येतोस का ते लिही. "नाही" लिहायचं असेल तर सकारण लिही, म्हणजे मला ते खोडता येईल.

थर्झा


२ एप्रिल १९५४

प्रिय रूबेन,

आधी एक सांगून टाकते, मग रागाव. जानेवारीच्या शेवटी बेकरीसमोर बर्फावरून घसरले आणि डावा घोटा मोडला. पलंगावर त्यामुळे होते. प्लास्टर निघालंय, डॉक्टर म्हणतात चाला, आणि मी चालतेय. तुला कळवलं नाही, कारण तुझ्यापुढे पायाचं रडगाणं गाणं मला जमलं नसतं.

आता जे सांगायचंय ते हे.

परवा ऊन छान पडलं होतं. चालायची काठी घेतली आणि चर्चच्या फाटकापासून ओढ्याच्या उताराकडे निघाले, जमेल तिथवर जायचं म्हणून. डोरा आपल्या दारात गालिचा झोडत होती. तिनं पाहिलं आणि ओरडली, "अगं थर्झा, मेची तालीम आत्तापासूनच का?"

मी म्हटलं, "कसली तालीम?"

"मग पेटिफर चाल कशाला चालतेयस? डावा ओढ, उजवा रोव, काठी ठोक. ईनॉकपेक्षा बरी जमतेय."

मी जागच्या जागी थांबले. खाली पाहिलं. डावा ओढला होता, उजवा रोवला होता, काठी ठोकली होती. कुणी शिकवलं नव्हतं, रूबेन. दुखऱ्या पायानं त्या उतारावर दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं चालताच येत नाही.

तू म्हणशील, योगायोग. मीही तेच म्हटलं आणि पुढे गेले. थोडं अंतर गेल्यावर घोट्यात कळ आली, आता बसलंच पाहिजे अशी. समोर पहिला दगड. तुला तो आठवत असेल. तिथे दरवर्षी पोरांना उचलून त्यांचं बूड दगडावर आपटतात, शीव लक्षात राहावी म्हणून. तुझं आपटलं तेव्हा तू चावला होतास. मी त्यावर बसले. गुडघे बरोबर वाकतात तेवढ्याच उंचीचा आहे तो, वरून सपाट, चौरंगासारखा. कळ गेली. उठले, चालले, पुन्हा कळ आली आणि पुन्हा समोर दगड. ओढ्यापर्यंत हेच. जिथे जिथे माझ्या पायानं बसायला सांगितलं, तिथे तिथे कुणीतरी आधीच बसायची सोय करून ठेवली होती.

आणि ओढ्यापलीकडचे दगड आठव. ते उभे आहेत, टोकदार. त्यांच्यावर कोंबडीसुद्धा बसणार नाही. लहानपणी आपण विचारायचो, अजून कुणाला घामही आलेला नसतो तर इतक्यांदा थांबून बिअर आणि पाव कशाला, आणि मोठी माणसं म्हणायची, पद्धत आहे. ओढ्यापलीकडे सगळे सरळ चालायला का लागतात, तर तीही पद्धत आहे.

मी ओढ्याच्या शेवटच्या दगडावर बराच वेळ बसले. इथे पुढारी काठी तरुणांच्या हाती देतो आणि लगेच परत घेतो, ते मला आठवलं. बाबा तर काठी नुसती टेकवून ओढून घ्यायचे. ती द्यायची कशाला, जर परत घ्यायचीय? तेव्हा मला कळलं. पूर्वीचा पुढारी ती लगेच परत घेत नसणार. तो माणूस इथे बसून राहत असणार. तरुणांनी उरलेली शीव फिरून यायची, संध्याकाळी इथेच परत यायचं आणि काठी त्याच्या हातात द्यायची.

तिसरा अर्थ काय, ते मी काल टॅन्सलींना अडवून विचारलं. ते लाजून लाल झाले. म्हणाले, "ज्याचा पाय गेलाय आणि जो लोखंडाच्या आधारानं चालतो, असा माणूस." मग म्हणाले, "पण तेही नुसता अंदाज, मिस पेटिफर. पुस्तकात तिन्ही अंदाजच आहेत."

पुस्तकात अंदाज असेल. माझ्या घोट्यात नाही.

तो पहिला कोण होता, त्याचा पाय कशानं गेला, गावानं त्यालाच पुढे का घातलं, मला माहीत नाही आणि मी रचून सांगणार नाही. एवढंच कळलं की तो लंगडा होता आणि गाव त्याच्या मागे त्याच्याच चालीनं चाललं. टिंगल करायला नव्हे. टिंगल करणारा त्याला बसायला दगड ठेवत नाही. तो गेल्यावरही ते तसंच चालत राहिले, त्याच्या मुलामागे, नातवामागे, ज्यांचे पाय धडधाकट होते त्यांच्यामागेही. का ते विसरले, चाल विसरले नाहीत.

आणि आपले बाबा त्याच चालीनं तुझ्या समोरून निघून गेले.

त्यांना ठाऊक असतं तर काय केलं असतं, याचा मी दोन दिवस विचार करतेय. तुला एक सांगते, जे आधी सांगायला हवं होतं पण तुझी कार्डंच अशी की सांगायला फट नसायची. दुकानात गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी साचे जोडीनं खुंटीला असतात, माणूस गेला की बाबा ते चुलीत घालायचे. तुझी जोडी अजून खुंटीला आहे. डावासुद्धा. त्याची धूळ ते स्वतः पुसायचे, मला पुसू द्यायचे नाहीत.

मी तुला बाबांना माफ कर म्हणत नाही. ते तुझं तू बघ. मी एवढंच म्हणतेय की हे नाव तुझं आहे. बाबांपेक्षा, ईनॉकपेक्षा, माझ्यापेक्षाही तुझं. आपल्या कुळात त्या पहिल्यानंतर ते पुरतं बसेल असा तूच.

थर्झा


२७ एप्रिल १९५४

प्रिय रूबेन,

ईस्टरनंतरची गावसभा काल झाली. तुझं उत्तर अजून नाही, तरी लिहितेय, कारण मी एक घोटाळा करून ठेवलाय.

सभा शाळेत होती, लहान पोरांच्या बाकांवर. मेजर उभे राहिले. त्यांनी सगळा बेत नीट आखून आणला होता. काठी ते धरतील, पुढे स्काउटची मुलं बिगूल घेऊन, आणि दुपारच्या जेवणाआधी फेरी पुरी. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आणि एक विनंती. ती सुरुवातीची लंगडी चाल आपण बंद करावी. या गावात दोन लढायांतून जखमी होऊन आलेले लोक आहेत. त्यांच्यासमोर सबंध गावानं लंगडत जाणं मला बरं दिसत नाही. क्रूर वाटतं."

वाईट हेतू नव्हता, रूबेन. उलट त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी पहिल्यांदा आदर वाटला. लोक माना हलवायला लागले. मलाही कुणी आधी असं म्हटलं असतं तर मी मान हलवली असती.

मी उठले. बाकातून उठायलाच इतका वेळ लागला की सगळे गप्प झाले. मी म्हटलं, "मेजर, तुम्ही पुस्तकातला तिसरा अर्थ सोडून दिलात. मी तो चालून बघितलाय." आणि सगळं सांगितलं. दगड, कळ, ओढा, काठी. बोलायची सवय नाही, मध्येमध्ये अडखळले. कुणी हसलं नाही. वॉल्ट पँटर मागच्या बाकावर होता, ज्याचा हात गेलाय तुझ्याच लढाईत. तो म्हणाला, "मी लहानपणी आजोबांना विचारलं होतं, आपण हळू का चालतो. ते म्हणाले, कुणाला मागे टाकायचं नाही म्हणून. मला वाटलं पोरांबद्दल बोलतायत."

 मेजर म्हणाले, "मी माझी विनंती मागे घेतो." आणि खाली बसले. एवढ्या मोठ्या माणसाला लहान पोरांच्या बाकावर बसलेलं पाहून मला कसंसंच झालं.

मग टॅन्सलींनी विचारलं, "पण मिस पेटिफर, काठी कोण धरणार? तुमच्या घरातलं आता कोणी नाही ना?"

आणि मी म्हटलं, "माझा भाऊ आहे. तो येतोय."

हा तो घोटाळा.

तोंडातून निघून गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही. डोरानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी उरलेली सभाभर छताकडे बघत होते. बाहेर पडल्यावर म्हणाली, "कुठल्या बोटीनं येतोय?" मी म्हटलं, "मोठ्या."

मेच्या फेरीला तू पोचणार नाहीस हे मला हिशेब न करताही कळतं. पण काठी कुणाला दिली नाही त्यांनी. तुझ्यासाठी ठेवली आहे. आता तू काय करायचं ते कर.

थर्झा


२४ मे १९५४

प्रिय रूबेन,

फेरी काल झाली. पाऊस नव्हता. तुझं पत्र नव्हतं.

पोस्टमन शनिवारी आला तेव्हा मी फाटकात उभी होते आणि त्यानं लांबूनच मान हलवली. खोटं कशाला बोलू, आत जाऊन रडले. मग केस विंचरले आणि रविवारच्या टोपीला इस्त्री केली.

चर्च सुटल्यावर सगळे फाटकापाशी जमले. टॅन्सली काठी घेऊन इकडे तिकडे बघत होते. कुणीतरी विचारलं, "थर्झा, तुझा भाऊ?" मी म्हटलं, "बोट चुकली." डोरा म्हणाली, "मोठी होती ना." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी बोलले असते, पण ती माझा हात धरून म्हणाली.

मला वाटलं, आता मेजर पुढे होतील आणि त्यात कुणाची चूक असणार नाही. ते पुढे झालेच. टॅन्सलींच्या हातून काठी घेतली, माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "मिस पेटिफर, या कामाला लागतो तसा पाय आज गावात तुमचाच आहे."

बायकांनी काठी धरल्याचं कुणाला आठवत नाही. पण कुणी ते बोललं नाही. मी काठी घेतली.

रूबेन, मी पुढे बघून चालत होते, मागचं फक्त ऐकू येत होतं. डावा ओढ, उजवा रोव. एवढ्या माणसांचे पाय एकदम रस्त्यावरून ओढले जातात तेव्हा समुद्रकाठी गोटे सरकतात तसा आवाज येतो. लहानपणी मी त्यात असायचे, हसत असायचे. काल तो माझ्यासाठी येत होता. माझा पाय खरा दुखत होता आणि माझ्यापुढे कुणी जात नव्हतं. पहिल्या दगडावर बसले तेव्हा सगळे थांबले आणि मी उठेपर्यंत थांबले. मेजर सुरुवातीला उजवा पाय ओढत होते. वॉल्ट त्यांना म्हणाला, "साहेब, दुसरा." तिसऱ्या दगडापर्यंत येईतो त्यांना जमलं.

ओढ्यावर मी काठी तरुणांना दिली आणि परत घेतली नाही. ते काठी घेऊन उभेच, त्यांना वाटलं मी विसरले. मी म्हटलं, "जा. उरलेली फिरून या. मी इथेच आहे."

ते गेले. मी दगडावर बसले, डोरा गवतावर. पाव आणि चीज खाल्लं. दुपारभर काही घडलं नाही. गाई पाण्यावर आल्या आणि गेल्या. मी त्या माणसाचा विचार करत होते, ज्याचं खरं नाव कुणाला माहीत नाही. त्यानं इथे बसून दरवर्षी वाट पाहिली असेल, आणि दरवर्षी ते परत आले असतील. आणि तुझा विचार करत होते, फाटकात उभ्या असलेल्या तुझा, ज्याच्याकडे कुणी परत आलं नाही.

उन्हं कलल्यावर टेकडीवरून आवाज आले. धुळीनं माखलेले, दमलेले, मोठमोठ्यानं बोलत आले सगळे. पुढच्या पोरानं काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शीव जागच्या जागी आहे, मिस पेटिफर." असं म्हणायची पद्धत नाही, त्याला आपलं सुचलं. मला एकदम रडू आलं, सगळ्यांसमोर, आणि मी ते लपवलं नाही.

काठी माझ्याकडे आहे. दुकानात तुझ्या साच्यांशेजारी उभी केलीय. यापुढे मी तुला ये म्हणणार नाही. जे सांगायचं होतं ते सांगून झालं. हे नाव तू घेतलंस किंवा नाही घेतलंस, त्या उतारावर तुझ्या पायाच्या मापानं दगड आहेत, एवढं तुला माहीत असावं म्हणून हा सगळा खटाटोप.

घोटा सुजलाय. डोरा गरम पाणी घेऊन आलीय आणि ओरडतेय, तेव्हा पुरे करते.

तुझी,
थर्झा


डनीडन
९ जून १९५४

प्रिय थर्झी,

पाचही पत्रं मिळाली. २ एप्रिलचं बायकोला मोठ्यानं वाचायला लावलं. तिला सांगितलं, चष्मा सापडत नाही. चष्मा खिशात होता.

उत्तर लगेच दिलं नाही कारण काय लिहावं कळेना. बसायचो आणि "सर्व ठीक" एवढंच यायचं.

फाटकातलं तू लिहिलंस ते बरोबर आहे. एक तुला माहीत नाही. तुम्ही सगळे दिसेनासे झाल्यावर मी एकटा तो उतार उतरलो होतो, ओढ्यापर्यंत. प्रत्येक दगडावर बसलो. तेव्हा वाटलं, बरं झालं इथे दगड आहेत. त्यापुढे विचार केला नाही.

बोटीची तिकिटं फेब्रुवारीची काढली आहेत, माझं आणि एफीचं. ॲलनला मेंढरं सोडून येता येत नाही. त्याला सगळं सांगितलं. नावाचं त्याचं तो ठरवील.

माझा उजवा साचा अजून नीट असेल तर तिथे कुणाकडून तरी बूट शिवून घेईन. एकच.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाच्या मध्ये उतार जास्त आहे, मला आठवतो. लाकडी पायाला चढण परवडते, उतार नाही. तिसऱ्या दगडावर मला जरा जास्त वेळ बसावं लागेल. लोकांना आधी सांगून ठेव.

रूबेन पेटिफर